शिंपल्याच्या कणांची फुगडी

बाळांनो, समुद्राकाठची वाळू तुम्ही कधी तळहातावर घेऊन नीट पाहिली आहे का? फार पूर्वी एका किनाऱ्यावर दोन प्रकारचे कण शेजारी राहत. नदीबरोबर आलेले गारगोटीचे कण गोल, गुळगुळीत होते. शिंपल्यांच्या चुऱ्याचे कण मात्र वाकडे, टोकदार आणि आतून पोकळ होते.

"काय रे मोडक्यांनो, तुमची एक तरी बाजू सरळ आहे का?" असे म्हणून गोल कण त्यांना हसत.

एका संध्याकाळी एक कासवीण अंडी घालायला आली. गोल कणांच्या वाळूत तिने खड्डा खणला, पण कडा घसरून तो पुन्हा पुन्हा बुजला. "आता मी कुठे जाऊ? अंडी थांबायची नाहीत," ती रडवेली होऊन म्हणाली.

"मावशी, आमच्याकडे ये गं!" शिंपल्याचे कण ओरडले. त्यांतला एक आपल्या भावंडांना म्हणाला, "चला, वाकडी बोटं एकमेकांत अडकवा. सरळ बोटांनी फुगडी घालता येते का कधी?"

सगळ्यांनी एकमेकांना घट्ट धरले आणि खड्ड्याच्या कडा उभ्या राहिल्या. कासविणीच्या भाराने काही कण कटकन फुटले, पण त्यांचे तुकडे फटींत बसून पकड आणखी घट्ट झाली.

अंडी घालून कासवीण म्हणाली, "लेकरांनो, माझ्यासाठी तुम्ही मोडलात. हे उपकार कसे फेडू?"

"मावशी, शिंपला होतो तेव्हा आम्ही कुणाचं तरी घर होतो. आज तुझ्यामुळे पुन्हा घर झालो. उपकार तर तुझेच!"

दुसऱ्या दिवशी सकाळी कासवीण समुद्रात परतली होती आणि वाळूच्या उबेत तिची अंडी सुखरूप होती.