उन्हात पळालेला हरभरा

कार्तिक शुद्ध सप्तमी. सकाळी दाट धुके, दहानंतर लख्ख ऊन. बिया मोठ्याने बोलत असत, त्या काळची ही गोष्ट.

ओसरीच्या सावलीत गोणपाटावर हरभऱ्याचे चाळीस दाणे वाळत होते. पेरणीआधी त्यांना गुळाच्या पाण्यात घोळून हिरव्या बुरशीची भुकटी चोळली होती. गुदगुल्यांनी सगळे लोळत होते.

“बुरशीताई, काखेत नको गं!” चिंगी नावाचा दाणा किंचाळला.

“तुला काख कुठली गं?” बुरशी म्हणाली, आणि गोणपाटभर हशा पिकला.

टपोऱ्या नावाचा दाणा तेवढा चिडला. “असा हिरवा होऊन मातीत जाऊ? थांब, तुला उन्हात वाळवून झटकतो!” तो घरंगळत अंगणात गेला.

“अरे, मला ऊन सोसत नाही!” बुरशी ओरडली. “ मुळाशी मर रोग आला तर अडवणार कोण?”

“मी आहे की, एवढा टणक!”

दुपारपर्यंत त्याच्या अंगावरची बुरशी मेली. संध्याकाळी त्याच्यासकट सगळ्यांची पेरणी झाली.

विसाव्या दिवशी मर रोग मातीतून सरपटत आला. ज्या मुळाशी जाई, तिथे बुरशीचे धागे त्याला गुंडाळून फस्त करत. टपोऱ्याचे मूळ मात्र उघडे होते. त्याची एक फांदी सुकली.

“चिंगे, मेलो गं! तुझ्या ताईला इकडे पाठव!”

“आता टणकपणा कुठे गेला?” चिंगी खिदळली. पण तिची बुरशी केव्हाच निघाली होती. “सरक जरा,” बुरशी टपोऱ्याच्या मुळाला म्हणाली, “आणि हसायला लाग!”

माघात एकोणचाळीस रोपांना चाळीस-चाळीस घाटे लागले. टपोऱ्याच्या उरलेल्या दोन फांद्यांना अकरा.