गुणवंतरावाने दिवाण विकला त्याची गोष्ट

पिंपरडी नावाच्या गावात एक भोळा माणूस राहायचा. नाव गुणवंत. बारशाला नाव ठेवणाऱ्यांनी जरा घाई केली, असं गाव म्हणायचं. तरी तोंडावर सगळे त्याला गुणवंतराव म्हणायचे, कारण मूर्खाला मान दिला की तो फुकट कामं करतो. सांगाल ते हा माणूस करायचा. अगदी सांगाल तेवढंच. ‘दुधाकडं बघा’ म्हटलं की दुधाकडे बघायचा. दूध वर यायचं, उतू जायचं, चूल विझायची, तरी हा बघतच असायचा. दूध उतरवा असं कुठे कुणी म्हटलं होतं?

त्याची बायको शालन ब्लाउज शिवायची आणि घर तिच्या सुईवर चालायचं. तिची पायमशीन आता टाके सोडायला लागली होती. तालुक्याला एका दुकानात तिने मोटरची मशीन बघून ठेवली होती. लगीनसराईच्या आत ती घरी आली तर वर्षाची ददात मिटणार होती. नाही आली तर सगळी गिऱ्हाइकं चौकातल्या टेलरणीकडे जाणार होती. तिने पैपै करून बरेचसे पैसे जमवले होते. ते तिच्या लोखंडी कपाटात, साडीच्या घडीत, डांबराच्या गोळ्यांशेजारी असायचे. कपाट माहेरचं, लग्नात वडिलांनी दिलेलं. गिऱ्हाइकांचे ब्लाउजपीसही त्यातच.

थोडे पैसे कमी पडत होते. घरात विकण्यासारख्या दोन वस्तू होत्या. एक डायनिंग टेबल, शहरात गेलेल्या चुलत दिराने गळ्यात मारलेलं. जेवायला सगळे खाली बसायचे आणि टेबलावर कांदे वाळायचे. दुसरा एक दिवाण.

“मोबाइलवर जाहिरात टाका,” शालन म्हणाली. “टेबल नि दिवाण इका. पर माझ्या कपाटाला हात लावायचा न्हाई, सांगून ठिवते.”

“न्हाई लावत,” गुणवंतराव म्हणाला.

“आनि खरं खरं लिवा. लोकास्नी फसवायचं न्हाई.”

गुणवंतरावाने खरं खरं लिहिलं. ‘टेबल विकणे आहे. डुगडुगते. एका पायाखाली पुठ्ठा घालावा लागतो. पुठ्ठा मिळणार नाही. दिवाण विकणे आहे. मजबूत आहे. ढेकूण आहेत.’

बरेच दिवस कुणाचा फोन आला नाही. मग एकाचा आला. तो म्हणाला, डुगडुगलं तरी चालेल, ढेकूण असले तरी चालतील. त्याने भावसुद्धा पाडून मागितला नाही. शहाण्या माणसाच्या मनात इथेच पाल चुकचुकली असती. ज्याला पैसे द्यायचेच नाहीत, त्याला ढेकणांचं काय? पण गुणवंतरावाच्या मनात पालीला बसायला जागा नव्हती.

दुसऱ्या दिवशी टेम्पो दारात आला. त्यातून पांढऱ्या कपड्यांतला, काळ्या चष्म्याचा, मिशीवाला एक माणूस उतरला. “मी सुर्वेसाहेब,” तो म्हणाला. स्वतःच्या नावाला स्वतःच साहेब लावणारा माणूस काय लायकीचा असतो, ते सांगायला नको. शालन नदीवर धुणं धुवायला गेली होती.

सुर्वेसाहेबाने मोबाइलवर बोट फिरवलं आणि तो गुणवंतरावापुढे धरला. “हे बघा, पैसे पाठवले. हिरवी खूण दिसली?”

“दिसली की. लई झ्याक हाय.”

“इथं रेंज कमी आहे. तुमच्याकडे पोचायला उद्या उजाडेल.”

“उजाडू द्या,” गुणवंतराव म्हणाला. टेम्पोत आधीच दुसऱ्या कुणाचं सामान भरलेलं होतं, म्हणून दिवाण राहिला. त्याने टेबल चढवायला मदत केली. टेबल हलत होतं, म्हणून अंगणातली कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी सोडून आणली आणि आवळून बांधून दिली. लोक जावयाचीही एवढी सरबराई करत नाहीत.

शालन ओलं धुणं घेऊन आली. अंगणात दोरी नव्हती. घरात टेबल नव्हतं.

“पैसं कुठं हायत?”

“बघितलं मी.”

“कुठं बघितलं?”

“त्येच्या मोबाइलात.”

शालनने कपाळावर हात मारला. “अवो, दुसऱ्याच्या मोबाइलातलं पैसं आपल्या काय कामाचं? नोटा हातात पडल्याबिगर वस्तू उंबऱ्याभायेर जाऊ द्यायची न्हाई! आनि निदान माझी दोरी तरी सोडून घ्यायची हुती!”

“बरं,” गुणवंतराव म्हणाला. “म्होरल्या येळंला.”

पुढची वेळ लवकरच आली. शालन रीळ आणायला गेली असताना वरच्या आळीतली हौसाबाई धावत आली. तिच्या मुलीची हळद लागायची होती आणि नवरीचे ब्लाउज शालनकडे शिवून तयार होते. समोर खुंटीला टांगलेले होते. गुणवंतराव उंबऱ्यावर आडवा उभा राहिला.

“नोटा?” तो म्हणाला.

“अवो, शालनला आधीच दिल्यात की.”

“माझ्या हातात न्हाई पडल्या.”

“दाजी, पोरगी पाटावर बसलीया! हळदीचं पानी निवाया लागलं!”

“निवू द्या. वस्तू उंबऱ्याभायेर जायची न्हाई.”

हौसाबाई रडली, ओरडली, तिने शिव्या देऊन बघितल्या. गुणवंतराव हलला नाही. चोरापुढे मेणाहून मऊ झालेला माणूस हौसाबाईपुढे वज्राचा झाला. नवरी शेवटी थोरल्या बहिणीचा ब्लाउज घालून, मागे पिना टोचून हळदीला बसली आणि हळद संपेपर्यंत शालनच्या नावाने खडे फोडत राहिली.

शालनला हे रस्त्यातच कळलं. ती तशीच तरातरा घरी आली.

“अवो, हौसाबाई काय चोर हाय? ओळखीची मानसं ही! ओळखीच्या मानसाला आडवायचं न्हाई. न्हेतो म्हनलं की न्हेऊ द्यायचं!”

“बरं. म्होरल्या येळंला.”

दोन दिवसांनी तोच टेम्पो पुन्हा दारात आला. चोराचा असा अनुभव होता की एकदा फसलेला माणूस दुसऱ्यांदा जास्त सोपा जातो. तरी खबरदारी म्हणून त्याने या वेळी निळा शर्ट घातला होता, मिशी काढली होती आणि नाव मानेसाहेब ठेवलं होतं.

गुणवंतरावाने त्याच्याकडे निरखून बघितलं. “तुमी सुर्वेसायेब न्हवं? आमचं टेबल न्हेलंत त्ये?”

चोराचा एक पाय मागच्या मागे टेम्पोत गेला.

“या की, या!” गुणवंतराव आनंदाने म्हणाला. “ओळखीचं निगालात! ओळखीच्या मानसाला आम्ही आडवत न्हाई. काय न्ह्यायचंय?”

चोराने पाय परत बाहेर काढला. मग तो हळूच म्हणाला, “दिवाण.”

“न्ह्या.”

“आणि टेम्पोच्या भाड्याचं काही?”

गुणवंतरावाने खिशात होते तेवढे भाड्याचे पैसे दिले. चोरालाही क्षणभर लाज वाटली असावी. त्याने ती गिळली आणि दिवाण चढवला.

दिवाण गेला, ढेकूण मात्र बरेचसे मागेच राहिले. ते भिंतीतल्या फटींत गेले. शालन घरी आली तेव्हा तिने सगळं ऐकून घेतलं. डोळ्यांतून पाणी आलं, पण रडत बसायला तिला वेळ नव्हता. ती तालुक्याच्या चौकीवर जाऊन तक्रार देऊन आली आणि मग तिने नवऱ्याला समोर बसवून एकेक शब्द सुटा करून सांगितलं.

“त्यो चोर हाय. आता टेम्पो घिऊन कुनी दारात आला, तर गोड बोलायचं. च्या घ्या म्हनायचं. घरात घ्यायचं. भायेरनं कडी घालायची. नि वरडून गाव गोळा करायचं. कळलं?”

“कळलं,” गुणवंतराव म्हणाला. “म्होरल्या येळंला.”

आता चोर पकडला गेला तो पोलिसांच्या हुशारीने, असं समजू नका. त्याला पकडलं ढेकणांनी. त्यानेही दिवाणाची मोबाइलवर जाहिरात टाकली होती, पण त्यात खरं खरं लिहिलं नव्हतं. दिवाण घेतला नेमका चौकीच्या फौजदारांच्या मेव्हण्याने. एका रात्रीत तो ठिकठिकाणी सुजला, आणि सकाळी चोर गजाआड.

चोराच्या टेम्पोत टेबलही सापडलं. शालनची तक्रार होतीच. दिवाण पुन्हा त्याच टेम्पोत घातला आणि एका हवालदाराला चोरासकट पिंपरडीला पाठवलं. हवालदाराला टेम्पो चालवता येत नव्हता, म्हणून चालवायला चोरच बसला. हातकडी दुसऱ्या कुणाला तरी लावलेली होती, म्हणून त्याचा एक हात नायलॉनच्या दोरीने टेम्पोच्या दाराला बांधला. दोरी टेम्पोतच मिळाली. आमच्याकडचा बंदोबस्त हा असा असतो, मग चोर मस्तवाल होतात तर नवल काय.

शालन त्या दिवशी दळणाला गेली होती. जाण्याआधी तिने खोलीत ढेकणांचं औषध मारलं होतं आणि कपाट शेजाऱ्यांकडून ओट्यावर काढून घेतलं होतं. पैशांची साडी तेवढी तळाशी दडवून, दारं उघडी टाकून ते उन्हात ठेवलं होतं. “कपाटाकडं ध्यान द्या,” असं ती सांगून गेली होती. गुणवंतराव ध्यान देऊन बसला होता.

टेम्पो दारात थांबला. हवालदार उतरला. “गुणवंत कोण? सामान ओळखायचंय.”

टेम्पो घेऊन कुणीतरी दारात आला होता. गुणवंतराव झटकन उठला आणि गोड बोलायला लागला. “या सायेब! आत बसा. च्या घ्या.”

चहाचं नाव निघाल्यावर हवालदार चोर विसरला, टेम्पोची किल्ली विसरला आणि आत गेला. गुणवंतरावाने बाहेरून कडी घातली. मग तो अंगणात उभा राहून बेंबीच्या देठापासून ओरडला, “चोर! चोर पकडला!”

सगळी आळी काठ्या घेऊन धावली. आतून हवालदार दारावर धक्के मारत होता. औषधाच्या वासाने त्याला ठसका लागला होता. “अरे, मी पोलीस आहे! कडी काढा!”

“समदं चोर असंच म्हनत्यात,” दगडू वाणी म्हणाला. गावात तो सर्वांत शहाणा समजला जायचा. लोकांनी माना डोलावल्या आणि दाराला वर एक पाटाही टेकवला.

गुणवंतराव टेम्पोजवळ गेला. आत सुर्वेसाहेब बसला होता. चोर तर घरात कोंडलेला, मग हा चोर कसा असेल? त्याच्या हाताला दोरी होती. ती दोरी गुणवंतरावाने बघताक्षणी ओळखली.

“ही आमची दोरी,” तो म्हणाला. “मागच्या टायमाला सोडून घ्यायची राहिली.”

“घ्या की,” चोर म्हणाला. “मी हात असा धरतो, म्हणजे गाठ लवकर सुटेल.”

गुणवंतरावाने गाठ सोडली आणि दोरी नीट गुंडाळून काखेत मारली.

“ह्यो कोन?” दगडू वाण्याने विचारलं.

“माझ्या ओळखीचा हाय,” गुणवंतराव म्हणाला.

चोर खाली उतरला. त्याने एकदा गर्दीकडे आणि एकदा ओट्याकडे बघितलं. “शाब्बास!” तो म्हणाला. “पिंपरडीकरांनी चोर धरला. तालुक्याला तुमचा सत्कार होणार. आता हे चोरीचं सामान चौकीवर जमा करायला पाहिजे. ते ओट्यावरचं कपाटही चढवा.”

सत्काराचं नाव काढल्याबरोबर सगळे पुढे सरसावले. आयुष्यभर गुणवंतरावाला हसलेली ही शहाणी माणसं. एकानेही विचारलं नाही की चौकीवर कपाट कशाला?

गुणवंतरावाला मात्र टेबलाच्या वेळचा धडा आठवला. “नोटा हातात पडल्याबिगर कपाट हलनार न्हाई.”

चोराने कपाटाच्या उघड्या दारातून हात घातला. सवयीचा हात, तो थेट साडीच्या घडीत गेला. त्याने पुडकं काढलं, त्यातल्या थोड्या नोटा गुणवंतरावाच्या हातावर ठेवल्या आणि बाकीचं पुडकं खिशात घातलं. “झालं समाधान?”

“झालं,” गुणवंतराव म्हणाला. मग त्याने दोन्ही हात पाठीमागे घेतले आणि तो भिंतीला टेकून उभा राहिला. लोकांनी कपाट उचललं. दगडू वाण्याने खांदा दिला. टेम्पो ओट्याला लावताना कुणीतरी “येऊ द्या, येऊ द्या, बास!” असंही ओरडलं. मग टेम्पो गेला. टेबल गेलं, दिवाण गेला, शालनचं माहेरचं कपाट, साड्या आणि लगीनसराईचे सगळे ब्लाउजपीस गेले.

शालन डोक्यावर पिठाचा डबा घेऊन आली. अंगणात गर्दी होती. दारावर आतून धक्के बसत होते. ओटा रिकामा होता.

“कपाट कुठं हाय?”

“समद्यांनी उचललं,” गुणवंतराव म्हणाला. त्याचे हात अजून पाठीमागेच होते. “म्या हात लावला न्हाई. इच्यार ह्यास्नी.”

लोक खाली बघू लागले. काही मागच्या मागे पांगले.

“आनि आत कोन हाय?”

“चोर. ह्या येळंला खाकी कापडं घालून आला हुता. गोड बोलून आत घातला. तुझी दोरीबी सोडून घेतली, ही बघ. नि नोटा घेतल्याबिगर न्हेऊ दिलं न्हाई!” असं म्हणून त्याने अभिमानाने हात पुढे केला आणि नोटा तिच्या हातावर ठेवल्या.

शालनने नोटा नाकाशी नेल्या. त्यांना डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

तिने त्या कमरेला खोचल्या. मग तिने पाटा बाजूला केला, कडी काढली आणि खोकून खोकून लाल झालेल्या हवालदाराला दंडाला धरून बाहेर काढलं.

“बोल की,” गुणवंतराव म्हणाला. “ह्या टायमाला काय चुकलं?”

“काय बी न्हाई चुकलं,” शालन फार गोड आवाजात म्हणाली. “दमला असाल. आत बसा. च्या ठिवते.”

गुणवंतराव खूश होऊन आत गेला. शालनने बाहेरून कडी घातली. ओरडण्याची गरज पडली नाही. गाव आधीच गोळा झालं होतं.