चंद्राच्या ढोलीतला कापूस

सकाळचे बरोब्बर सव्वासात वाजले होते. तेव्हाच चुकलं बाई सगळं!

लवंगी म्हणजे इवलीशी खार. तिच्या आंब्याला ढोल्याच ढोल्या. प्रत्येक ढोलीवर एक खूण. फुलाची खूण, आत शेंगा. माशाची खूण, आत काड्या. चंद्राची खूण, आत कापूस. तिळूचा कापूस! तिळू तिचा धाकटा भाऊ. कापसाशिवाय त्याला झोपच येत नाही.

एका ढोलीत एकच वस्तू मावते. लवंगीला ठाऊक होतं. पण सापडलं एक लालचुटुक बोर.

"नवी खूण कोण कोरत बसणार?" म्हणाली, आणि कोंबलं बोर चंद्राच्या ढोलीत.

बोर गेलं आत. कापूस आला बाहेर. भुर्रकन उडाला, बाभळीच्या काट्यांत अडकला.

"ताई, माझा कापूस?" तिळू कुडकुडला.

लवंगीचं तोंड एवढंसं झालं. निघाली तुरुतुरु, तुरुतुरु.

"बाभळीकाकू, बाभळीकाकू! तिळूला कापूस. कापूस द्या ना!"

"घसा सुकलाय गं. आधी मला पाणी."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"पाटबाबा, पाटबाबा! तिळूला कापूस, बाभळीला पाणी. पाणी द्या ना!"

"कसा येऊ? पुढे चिखल. आधी मला वाट."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"खेकडेदादा, खेकडेदादा! तिळूला कापूस, बाभळीला पाणी, पाटाला वाट. वाट करा ना!"

बिळातून आवाज आला, "माझ्या दारावर म्हैस बसलीय! आधी मला दार."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"म्हैसआजी, म्हैसआजी! तिळूला कापूस, बाभळीला पाणी, पाटाला वाट, खेकड्याला दार. उठा ना!"

"उठू? अगं, आत्ता तर बसले! कानात गोचीड चावतेय. आधी मला आराम."

तुरुतुरु, तुरुतुरु.

"साळुंकीमावशी, साळुंकीमावशी! तिळूला कापूस, बाभळीला पाणी, पाटाला वाट, खेकड्याला दार, म्हशीला आराम. गोचीड टिपा ना!"

"टिपते की! पण आधी मला बोर."

बोर? एकच तर होतं. अजून चाखलंही नव्हतं.

"या बोरापायीच झालं सगळं," ती पुटपुटली. तुरुतुरु गेली, बोर घेऊन आली.

साळुंकीला बोर. गट्टम!
म्हशीला आराम. टिप टिप!
खेकड्याला दार. हुश्श!
पाटाला वाट. खरड खरड!
बाभळीला पाणी. खळखळ खळखळ!
तिळूला कापूस. अलगद, अलगद!

कापूस आला. पण अर्धाच. अर्धा वाऱ्याने नेला होता. आणि तिळू? रडून रडून तसाच झोपला होता.

लवंगीने कापूस त्याच्या अंगाखाली सारला. वरून आपली शेपटी पांघरली.

"माझंच चुकलं रे सोन्या," ती हळूच म्हणाली.

मग तिने दुसऱ्या ढोलीवर नवी खूण कोरली. कुरकुर, कुरकुर. बोराची खूण. आत काहीच नाही. बोर तर गेलं ना!

पिल्ला, उद्या तुझ्या मित्राला सांग हं. त्याने पुढच्याला सांगावं. नव्या वस्तूला नवी खूण. जुनीची जागा जुनीलाच.