एकच रकाना

“मग धोंडिबांचे नाव पहाऱ्याच्या यादीत का नव्हते?”

दामोदरबुवांनी हळू विचारले. मठात नामसप्ताह चालू होता, दुपारचा पहारा होता आणि अखंड वीणा बुवांच्या गळ्यात होती. तीस वर्षे या प्रहरी ती धोंडिबांच्या गळ्यात असे. आज पहाटे धोंडिबा वारले.

श्रीरंग समोर उभा होता. मठाचे संकेतस्थळ त्याने बांधले होते. यादी त्यातूनच निघे.

“महाराज, माणसाच्या नावापुढे भूमिकेचा एकच रकाना ठेवला होता. मठाच्या दवाखान्यात त्यांना दाखल करताना ‘रुग्ण’ अशी नोंद झाली. नवे लिहिले की जुने पुसले जाते.”

“काय पुसले गेले?”

“‘वीणेकरी’.”

बुवांची बोटे तारेवरून फिरत राहिली.

“परवा ताप उतरला तसे ते स्नान करून आले,” बुवा म्हणाले. “वीणेसाठी हात पुढे केले. चोपदार म्हणाला, ‘आजोबा, यादीत तुम्ही आजारी आहात.’ घटकाभर हात तसेच होते म्हणे…”

“दोष रचनेचा आहे, महाराज. भूमिकांचा तक्ता वेगळा करतो. मग एकाच माणसापुढे हव्या तितक्या भूमिका राहतील. वीणेकरीही, रुग्णही. कोणाचे काही पुसले जाणार नाही. दोन दिवसांचे काम आहे.”

“कर.”

श्रीरंगाला हायसे वाटले.

“तुझ्या नावापुढे काय आहे?”

“‘व्यवस्थापक’. कोणाचीही नोंद मला बदलता येते.”

“परवा या वेळी कोठे होतास?”

“…येथेच. त्या खांबापाशी.”

“धोंडिबांना ओळखत होतास?”

“टाळ धरायला त्यांनीच शिकवले, महाराज.”

“मग?”



“यादीत नव्हते…”

मंडपात नाम चालूच होते. बुवांनी वीणा गळ्यातून काढली आणि श्रीरंगाच्या गळ्यात घातली. वीणा देणाऱ्याने घेणाऱ्याच्या पायांवर डोके ठेवावे, ही रीत. बुवा वाकले.

श्रीरंगाला पाय मागे घेता येईनात.

“महाराज, माझे नाव वीणेकऱ्यांत नाही. हा पहारा माझा नव्हे.”

“नव्हेच. धोंडिबांचा आहे. ते येईपर्यंत उभा राहा.”