निरोपाची गाडी

रस्ते बैलांच्या मर्जीने चालायचे, त्या काळातली ही गोष्ट. नदीकाठच्या एका गावात ख्रिस्ती मंडळीचे एक पाळक होते. सगळे त्यांना पाळकसाहेब म्हणत. गावातल्या निम्म्या लोकांचा बाप्तिस्मा त्यांनी केला होता, निम्म्यांची लग्नं लावली होती, आणि भांडणं मात्र सगळ्यांचीच मिटवली होती.

एके दिवशी सांगावा आला. डोंगरापलीकडच्या मंडळ्यांनी पाळकसाहेबांना आपले बिशप म्हणून निवडलं होतं. गावाला कोण आनंद! घरोघर गूळ वाटला. आपला माणूस बिशप होणं ही काय थोडी गोष्ट आहे? गूळ संपला तेव्हा कुठे लोकांच्या ध्यानात आलं, की बिशप झाला म्हणजे आपला माणूस आता जाणार.

त्या गावची एक रीत होती. जाणाऱ्याची बैलगाडी आदल्या संध्याकाळी ख्रिस्ती देवळाच्या अंगणात उभी करायची, आणि प्रत्येक घराने येऊन तिला काही ना काही बांधायचं. कुणी लोणच्याची बरणी, कुणी हरभऱ्याचं गाठोडं. रीतीप्रमाणे गाडी उभी केली. घराघरांतलं माणूस येऊन गेलं.

सकाळी पाहतात तो काय! गाडीला नवं काही बांधलेलं नव्हतंच, उलट होतं तेही गेलं होतं. एक चाक नाही. जू नाही. दोर नाहीत. बैल दोन्ही बेपत्ता. गाडी एका कुशीवर कलंडून रुसलेल्या म्हशीसारखी बसली होती.

गिऱ्हाईक उठायला लागलं की गप्पांचा नवा विषय काढणारा दुकानदार तुम्ही पाहिलाच असेल. गावाने तेच केलं होतं, फक्त एकमेकांना न सांगता. जो तो समजत होता, आपण एकट्यानेच हात मारलाय.

"काय चोर माजलेत हो!" शांतवन सुतार म्हणाला. चाक त्याच्याच कडब्यात होतं.

"आता साहेब जाणार तरी कसे?" करुणाबाई पदर तोंडाला लावून म्हणाल्या. पदराआड हसू मावत नव्हतं. "राहावं झालं. मी भाकरी टाकते."

पाळकसाहेब कुणावर रागावले नाहीत. "बरं, राहतो," म्हणाले. आणि इतक्या चटकन म्हणाले, की सगळे एकमेकांकडे बघायला लागले.

तेवढ्यात वेशीकडून एक म्हातारी काठी टेकत आली. नव्या बिशपांना न्यायला ती डोंगर ओलांडून चालत आली होती.

"आमचे बिशप वारले, त्याला फार वर्षं झाली," ती म्हणाली. "पोरांचं दृढीकरण, म्हणजे डोक्यावर हात ठेवून मंडळीत पक्कं करणं, बिशपच्याच हातून व्हायचं, आणि त्याशिवाय त्यांना प्रभुभोजनाची भाकर नाही. आमची पोरं थांबलीत ती थांबलीतच. मिशा फुटल्या, काहींची लग्नं झाली. उद्या सगळी न्हाऊन-धुऊन रस्त्यावर उभी राहणार आहेत."

"पण आजी, गाडी मोडलीय," शांतवन चाचरत म्हणाला.

म्हातारीने गाडीभोवती एक फेरी मारली. "मोडलेली गाडी अशी दिसत नाही, बाबा. ही मायेने खाल्लीय." मग ती पाळकसाहेबांकडे वळली. "राहा साहेब. एवढी माया सोडून कुणी निघावं? मी जाऊन पोरांना सांगते, आणखी थोडं थांबा."

तिने काठी उचलली आणि आल्या वाटेला लागली. तिची पाठ बघून शांतवन तिच्यामागे धावला.

"आजी, थांबा! चाक आहे. त्याला जरा वंगण घालायला नेलं होतं."

"जू माझ्याकडे आहे," करुणाबाई हळूच म्हणाल्या. "उन्हाने तडकू नये म्हणून ठेवलं."

"रात्रीचं कसलं गं ऊन?" शेजारीण म्हणाली.

"तू आधी सांग, तुझ्या गोठ्यात दोनाचे चार बैल कसे झाले!"

बघता बघता गाडी उभी राहिली. अडलं एकाच ठिकाणी. चाक निखळू नये म्हणून आसाच्या टोकाला खीळ घालतात, तीच सापडेना. जो तो कानांना हात लावून सांगू लागला, मी नाही, मी नाही.

पाळकसाहेबांनी झग्याच्या खिशात हात घातला. बाहेर आली ती खीळ.

"तुमच्या सगळ्यांच्या आधी मीच काढली," ते म्हणाले. "मलाही पाय निघेना."

मग असा हशा पिकला, की देवळावरची कबुतरं उडाली. सगळ्यांत जास्त हसली ती म्हातारी. "अगं बाई! चोरांच्या गावातून बिशप नेतेय मी!"

मग राहिलेली रीत पुरी झाली. बरण्या आणि गाठोडी इतकी बांधली, की बिशपांना बसायला जागाच उरली नाही. म्हातारीला वर बसवलं, बिशप पायी निघाले. घाटाच्या चढावर बैल थकले, तेव्हा सगळ्या गावाने मागून गाडी रेटली. सुताराचा जोर सगळ्यांत जास्त.

दुसऱ्या दिवशी डोंगरापलीकडच्या त्या मिशाळ पोरांनी माना वाकवल्या, आणि बिशपांनी एकेकाच्या डोक्यावर हात ठेवला. तेव्हापासून दर हंगामाच्या सणाला तो घाट माणसांनी भरून जाऊ लागला, कधी इकडून, कधी तिकडून. एका मंडळीचा पाळक गेला खरा, पण डोंगराच्या दोन्ही बाजूंच्या मंडळ्यांना सोयरे मिळाले.

म्हणून मंडळी, ज्याच्यावर आपली खरी माया असते, त्याची गाडी चढावर रेटायला आपलाच खांदा पुढे व्हावा.