रोजच्या तेलाचा सुगंध

एका पेठेच्या गावात केसांचे तेल करणारी एक वृद्धा राहत असे. तिचे नाव विचारावे असे कधी कुणाला सुचले नाही. लहानथोर सगळे तिला मावशी म्हणत. तिच्या घरी शिकेकाई कुटली जाई, उटणे होई, दंतमंजनही होई, परंतु तिची कीर्ती होती ती तेलासाठी. आणि हे तेल काही लग्नामुंजीत मिरवायचे नव्हते. सकाळी वेणी घालण्याआधी घाईघाईत तळहातावर घ्यावे, टाळूवर जिरवावे आणि कामाला लागावे, असे ते साधे रोजचे तेल होते. आपण माणसे सणाच्या वस्तूंचे तोंड भरून कौतुक करतो आणि रोजच्या वस्तू गृहीत धरतो. मावशीला मात्र त्याचे वाईट वाटत नसे.

तिच्याजवळ कालिंदी नावाची एक तरुण मुलगी विद्या शिकत होती. मुलगी बुद्धीने तल्लख, हाताने चपळ, आणि नाक तर असे की डबीचे झाकण न उघडता आत वाळा आहे की नागरमोथा, ते सांगावे. उणे होते ते एकच. तिला चैन म्हणून पडत नसे.

दर महिन्याच्या बाजाराला परगावचा एक सुगंधांचा व्यापारी पेठेत येई. कानात अत्तराचा फाया आणि समोर उघडलेल्या पेट्या. त्यांत हिना, केवडा, सुवासिक साबणाच्या वड्या, चेहऱ्याला लावायचे लेप, केसांची तऱ्हेतऱ्हेची तेले. कालिंदी त्या पेट्यांपुढून हलत नसे. एखादी कुपी हुंगून ती उजळून जाई, "हेच ते, इतके दिवस मी हेच शोधत होते," असे म्हणत नाचत घरी येई, आणि आठवडाभर सकाळ-संध्याकाळ तेच लावी. पुढच्या बाजाराला विचारावे तर म्हणे, "त्यात काही राम नाही. पहिल्या दिवशी काय होतं, आता काहीच नाही." मग नवी कुपी, नवा हर्ष आणि नवा विरस. मावशी हे सगळे पाही आणि वाळ्याच्या जुड्या बांधीत राही.

पुढे मावशीचे हात थरथरू लागले. भरलेली कढई उचलणे तिला जमेना, तेव्हा तिने एके दिवशी कालिंदीला पुढे बसवले आणि म्हणाली, "आता तू कर. मी नुसती बघते."

कालिंदीने जीव ओतून काम केले. तिळाच्या तेलात माक्याचा आणि आवळ्याचा रस मंद आचेवर आटवला, जास्वंदीची फुले घातली, तेल निवल्यावर वाळा, नागरमोथा आणि कचोरा यांची पुरचुंडी त्यात सोडली आणि कढईला फडके बांधले. मापे सगळी मावशीचीच होती. पुरचुंडी मुरेपर्यंत ती कढईच्या अवतीभवतीच वावरली. गाळण्याच्या सकाळी मोठ्या आशेने ती कढईवर वाकली. तेलाला वासच नव्हता.

मावशीने बोट बुडवले, तेलाची धार पाहिली आणि "नीट उतरलं," एवढेच म्हणाली. कालिंदीला वाटले, म्हातारी आपले मन राखते आहे.

पुढच्या खेपेस तिने वाळा वाढवला. तरी वास येईना. त्याच्या पुढच्या खेपेस मरवा घातला, मग दवणा, मग व्यापाऱ्याकडून आणलेला केवडा. मावशीने एकदा "पुरे हं," म्हटले, पण कालिंदीच्या कानापर्यंत ते पोचले नाही. ती रात्रंदिवस एकच विचार करी, की विद्या आली पण हाताला गुण नाही. दहा जणींच्या डोक्यावर आपण रोज फसवणूक ओततो आहोत, या विचाराने तिला अन्न गोड लागेना.

मग बायका येऊ लागल्या. एक म्हणाली, "कालिंदी, या वेळचं तेल लावलं की दुपारपर्यंत माझं कपाळ ठणकतं." दुसरी म्हणाली, "कीर्तनात माझ्यामागे कुणी बसत नाही गं." शाळेत शिकवणाऱ्या बाईंनी तर बाटली अर्धीच वापरून परत आणून ठेवली. शहाण्या माणसाने यातून काय समजायचे ते समजावे. पण अस्वस्थ माणूस प्रत्येक गोष्ट आपल्या भीतीच्या बाजूने ऐकतो. कालिंदीने एवढेच ऐकले, की तेल बिघडले आहे. ते सुधारावे म्हणून तिने आणखी केवडा ओतला.

नेमका त्याच सुमारास व्यापाऱ्याने तिला गाठले. "बाई, तुमच्यासारखं नाक या पेठेत सडतंय," तो म्हणाला. "माझ्या कारखान्यात चला. तिथं रोज नवा सुगंध. कालचा आज बघायचासुद्धा नाही." कालिंदीला वाटले, आपल्यासाठी याहून योग्य जागा जगात नसेल. पुढच्या बाजाराला उत्तर देते, असे तिने सांगितले खरे, परंतु मनाने ती तेव्हाच गाडीत बसली होती. ती गेली असती तर मावशीच्या हातून कढई उठणार नव्हती, आणि दुसरे कुणी शिकलेले नव्हते. पेठेचे तेल तिथेच संपले असते.

घरी येऊन तिने ते मावशीला सांगितले.  "मला जाऊ द्या, मावशी. तुमची विद्या माझ्या हातात जगत नाही."

मावशी अडवील, रागावेल, निदान डोळे तरी पुसेल, असे तिला वाटले होते. मावशी म्हणाली, "जा. मी धरून ठेवणार नाही. पण बाजाराला अजून अवकाश आहे, तोवर माझं एक काम कर. खाडीवर माझी मैत्रीण राहते, चांगुणा. तिचे बोंबील वाळत घालायचे दिवस आहेत. तिला हाताखाली माणूस हवंय. केस स्वच्छ धुऊन जा, आणि तिथं असेपर्यंत अंगाला, केसांना काही लावू नकोस."

"येताना काय आणू?"

"काही नको."

कालिंदीला हा अपमान वाटला. सुगंधाची विद्या शिकलेल्या मुलीला बोंबील वाळवायला पाठवतात, याचा अर्थ दुसरा काय होतो? तरी शेवटची आज्ञा म्हणून ती गेली.

खाडीवर पाऊल ठेवताच तिने पदर नाकाला लावला. दोऱ्यांवर बोंबलांच्या रांगा लटकत होत्या, आणि वारा नेमका तिकडूनच वाहत होता. चांगुणा अंगणातच होती. अंबाड्यावर अबोलीची वेणी, कमरेला खोचलेले लुगडे, आणि ओठांवर हसू.

"वास येतो का गो?" तिने विचारले.

"तुम्हाला येत नाही?" पदराआडून कालिंदी म्हणाली.

"मना कसला येतो? जल्मापासून हितंच हाय मी. तुझा मातर येतो. केस धुवून आलीस दिसतंय, तरी केवडा पार होडीपतूर येतोय. डोकं चढलं माझं."

कालिंदीला तो टोमणा वाटला. ती कामाला लागली. सुरुवातीला तिला घास गिळवत नसे. मग हळूहळू जेवण जाऊ लागले, झोप लागू लागली, पदर कमरेला खोचला गेला तो तिथेच राहिला. तिच्या मनातली तगमग मात्र कमी झाली नव्हती. बोंबील उलटताना ती कारखान्यातल्या कुप्या मनात मांडत होती.

एका दुपारी घाटावरचा एक माणूस टोपल्यांचा सौदा करायला आला. आला तो उपरण्याने नाक गच्च दाबून. कालिंदीने काळजीने विचारले, "काय झालं? बरं वाटत नाही का?"

तो तिच्याकडे बघतच राहिला. "बाई, तुम्ही इथं उभ्या कशा राहता?"

कालिंदीने श्वास घेतला. मग मुद्दाम खोल घेतला. मग दोरीजवळ गेली, एक बोंबील हातात धरला, नाकाशी नेला आणि पुन्हा श्वास घेतला. वारा होता, उन्हाची धग होती, बाकी काही नाही. बोंबील तर तिच्या हातात होता. त्या दिवशी तिच्या हातून काम धड झाले नाही. काहीतरी टोचत होते आणि नेमके काय ते तिला सांगता येत नव्हते.

बाजाराला आठवडा उरला तशी ती परत निघाली. पेठेच्या तोंडाशी आली, आणि कुणी तोंडावर ओले फडके मारावे तशी थबकली. दवणा, मरवा, आणि त्यांच्यावर चढून बसलेला केवडा. वास गल्लीभर होता. ओट्यावर वेणी घालीत बसलेल्या बाईच्या केसांना होता, पाण्याला निघालेल्या मुलीच्या पाठीवर होता, आणि जसजसे मावशीचे घर जवळ आले तसतसा तो असह्य होत गेला. उंबऱ्याशी पोचेपर्यंत तिचे कपाळ ठणकू लागले.

ती आत जाऊन मटकन खाली बसली. "मावशी, हे मी केलं?"

"हो."

"बायकांनी हे डोक्यावर घेतलं?"

"घेतलं. तुझ्यावर माया आहे त्यांची. ओरडल्या, पण दुसरीकडे गेल्या नाहीत."

कालिंदी रडू लागली. मावशीने तिला रडू दिले. पाण्याचा तांब्या तिच्यापुढे सरकवला आणि मग ती सावकाश बोलू लागली.

"पोरी, तुझ्या हाताला गुण आहे. पहिल्याच खेपेला तेल नीट उतरलं होतं. चार जणींनी येऊन मला सांगितलं, की मावशी, तुमचंच वाटतं. मी तुला सांगितलं नाही, कारण तुला ते पटलं नसतं. तुझं नाक 'नाही' म्हणत होतं, आणि नाकापुढे माझा शब्द टिकला नसता. नाकाचा धर्मच तसा आहे. ते नव्याची वर्दी देतं. जे रोज सोबत असतं त्याची वर्दी देणं ते सोडून देतं. चांगुणाला बोंबलांचा वास येत नाही, तुला तेलाचा येत नाही. वास न येणं म्हणजे वास नसणं, असं तू धरून चाललीस, आणि गेलेलं परत आणायला निघालीस. ते गेलंच नव्हतं."

"पण तुम्हाला तर कळायचं. तुम्ही कधी चुकला नाहीत."

मावशी हसली. "मला? मला या तेलाचा वास येऊन किती वर्षं झाली, मलाच आठवत नाही. मी मापानं करते आणि बायकांच्या चेहऱ्यावर बघते. वर्षाकाठी एकदा चांगुणाकडे जाऊन राहते. लोकांना वाटतं, म्हातारीला मासे आवडतात. मी जाते ती परत येण्यासाठी. पेठेच्या तोंडाशी तो वास एकदा येतो. घरी पोचून चूल पेटवेपर्यंत टिकतो, मग जातो. तेवढ्यावर माझं वर्ष निघतं."

कालिंदीने डोळे पुसले. तिने विचारले, "आणि ही जी अस्वस्थता आहे माझी, ती जाईल?"

"ती कशाला जाईल? माझीही गेली नाही. तिचं ऐकून कढईत हात घालू नकोस, एवढंच."

उरलेले तेल देवाच्या दिव्याला घालावे का, असे कालिंदीने विचारले. मावशी म्हणाली, "देवाचंही डोकं दुखवू नकोस. गाडीवानाला दे, चाकाला घालील." कालिंदीने कढई राखेने घासली, उन्हात ठेवली आणि नव्याने तेल चढवले. पुरचुंडी सोडली त्या दिवशी तिला वास आला. वाळ्याचा गारवा आणि त्याच्याखाली कचोऱ्याची किंचित उग्र छटा. तिला वाटले, हा पकडून ठेवावा. पण घरात तोच, अंथरुणात तोच, हातांना तोच. दिवस गेले तसा तो विरत गेला, आणि गाळण्याच्या सकाळी ती कढईवर वाकली तेव्हा पुन्हा काहीच नव्हते.

 मरव्याची टोपली हाताच्या अंतरावर होती. तिचा हात तिकडे गेलाही. तिने तो मागे घेतला आणि दुसऱ्या हाताने मांडीवर दाबून धरला. मावशी समोरच बसली होती, पण तिने मान वर केली नाही.

तो बाजाराचा दिवस होता, आणि तेवढ्यात व्यापारी दारात आला. तो काही बोलणार होता, पण बोलायचा थांबला. कानातला फाया त्याने काढून मुठीत धरला आणि पुन्हा श्वास घेतला. "हे काय आहे?" तो म्हणाला. "माझ्या एकाही पेटीत हे नाही."

"तुम्हाला वास येतो?" कालिंदीने विचारले.

"म्हणजे काय? रस्त्यावरूनच आला. तुम्हाला येत नाही?"

"नाही."

तो गोंधळून तिच्याकडे बघत राहिला. मग त्याला आपले काम आठवले. "गाडी तयार आहे. येताय ना?"

"नाही, शेट. माझं तेल गाळायचं आहे."

त्याने थोडा आग्रह करून पाहिला, चुकचुकला आणि निघून गेला. बायका रिकाम्या बाटल्या घेऊन ओट्यावर जमल्या होत्या. शाळेतल्या बाई पुढे झाल्या, जरा भीत भीतच. त्यांनी चार थेंब तळहातावर घेतले, हात चोळले आणि केसांवरून फिरवले. त्यांच्या कपाळावरची आठी गेली आणि क्षणभर डोळे मिटले.

कालिंदीला कसलाही वास येत नव्हता. ती त्या चेहऱ्याकडे पाहत राहिली, आणि मग तिने पुढची बाटली भरायला घेतली.