नावाडीण मोर्ता आणि बंद काठ

फार वर्षांपूर्वी, पूल नव्हता आणि पुलासाठी केलेले अर्जही नव्हते तेव्हा, लिथुआनियाच्या उत्तरेला एका नदीवर मोर्ता नावाची बाई तराफा चालवायची. दोन्ही काठांना बांधलेला जाड दोर हाताने ओढत ती गुरं, पाद्री आणि वरातीतले झिंगलेले पाहुणे सारख्याच वेगाने पलीकडे न्यायची. तिच्या तराफ्यावरून कोणी कधी बुडालं नाही, असं म्हणतात.

त्या काळी सरहद्दीपलीकडच्या लॅटव्हियातून गावात एक नवी प्रार्थना आली. पेंटेकॉस्टल म्हणवणारी ही माणसं घराघरांत जमत, हात वर करून रडत, आणि पवित्र आत्मा उतरला की कोणालाच न कळणाऱ्या भाषेत बोलू लागत. गावाला याचा फार राग आला. वास्तविक गावाला चर्चमधली लॅटिनही कळत नव्हती. पण ते न कळणं जुनं होतं.

मोर्ता या मंडळींत गेली. तिच्यामागून तिची ऐंशी वर्षांची सासू बार्बोराही गेली. या लोकांत बाप्तिस्मा घ्यायचा तो मोठेपणी, आपल्या मर्जीने आणि अख्खं पाण्याखाली जाऊन. तो देणारा प्रचारक आर्वीद्स वर्षातून एकदाच, पेंटेकॉस्टच्या म्हणजे ईस्टरनंतर सात आठवड्यांनी येणाऱ्या सणाच्या रविवारी येई आणि संध्याकाळी परत जाई. बार्बोराची छाती हिवाळ्यापासून वाजत होती.

"पुढल्या वर्षी घ्या, आई," मोर्ता म्हणाली.

"पुढल्या वर्षी मी वर असेन. तिथे कोणी विचारलं, कोरडी कशी आलीस, तर तुझं नाव सांगू?"

मोर्ता तराफ्याचा दोर तपासायला गेली.

गावचा मुखिया बाल्त्रूस शनिवारीच घरोघर फिरला आणि नदीकाठच्या प्रत्येक शेतकऱ्याकडून त्याने शब्द घेतला, की आपल्या जमिनीवरून या लोकांना पाण्यात उतरू द्यायचं नाही. गिरणीपासून रानापर्यंत दोन्ही काठ बंद झाले. उरला तराफ्याचा धक्का. तिथे रविवारी तो स्वतः उभा राहिला.

"इथून फक्त पलीकडे जायचं," तो म्हणाला.

"पलीकडेच निघालोय," मोर्ता म्हणाली. तिने आर्वीद्सला आणि बार्बोरासकट सात जणांना चढवलं, दोर ओढला, आणि नदीच्या बरोबर मध्यावर थांबली.

"पाण्यात उतरलात तर धक्केही बंद!" बाल्त्रूस ओरडला.

मध्यावर कोणाची जमीन नव्हती. कारण तिथे जमीनच नव्हती. तीन पुरुष उंचीची काठीसुद्धा तळाला लागत नसे, आणि हे मोर्तापेक्षा जास्त कोणाला ठाऊक होतं? तिने डोक्याचा रुमाल सोडला, लाकडी जोडे काढले आणि उडी मारली.

ती वर आली नाही. काठावरच्या बायका 'हे आमच्या बापा' ही प्रार्थना पुन्हा पुन्हा म्हणू लागल्या. तिसऱ्या वेळी बाल्त्रूसने टोपी काढली. चौथ्या वेळी मोर्ता उभी राहिली, आणि पाणी तिच्या छातीपर्यंतच होतं, असं म्हणतात.

"इथे पाय टेकतो," ती म्हणाली. "या, आर्वीद्स. आई, जोडे काढा."

वाळूचा ढीग सरकला असेल, असं शाळामास्तर म्हणाले. दुसऱ्या दिवशी त्यांनी तिथेच काठी टाकली. काठी तळाला लागली नाही आणि हातातूनही गेली.

सातही जण पाण्याखाली जाऊन वर आले. सगळ्यांत शेवटी बार्बोरा. "झाली एकदाची ओली," ती म्हणाली, आणि मग तिचे दात वाजू लागले. ओठ निळे पडले. वारा सुटला होता.

"पुरे झालं, बाहेर या!" बाल्त्रूस ओरडला.

"कुठल्या काठावर?" मोर्ताने विचारलं. "सगळे तूच बंद केलेस."

उत्तर दिलं त्याच्या बायकोने, उर्शुलेने. ती घरात गेली आणि पेटीतला कोरा लिननचा टॉवेल घेऊन धक्क्याशेजारच्या कुरणात, अगदी पाण्यापाशी येऊन उभी राहिली.

"इकडे आण म्हातारीला, मोर्ता. हे कुरण माझ्या माहेरचं आहे."

बाल्त्रूसने टोपी परत घातली. हातांना दुसरं काही काम उरलं नव्हतं. तराफा कुरणाकडे वळला तशा बाकीच्या बायकाही टॉवेल आणायला घरांकडे धावल्या. बार्बोराची छाती त्या दिवसानंतर वाजली नाही, असं म्हणतात. ती आणखी नऊ वर्षं जगली आणि नऊही वर्षं मोर्ताच्या स्वयंपाकाला नावं ठेवत राहिली.

पेंटेकॉस्टला त्या देशात सगळीकडे दारांवर बर्च झाडाच्या फांद्या लावतात. या गावात त्याबरोबर नदीकडच्या कुंपणावर एक कोरा टॉवेलही टाकतात. घर कॅथलिक असो, पेंटेकॉस्टल असो, नाहीतर कशावरच विश्वास नसलेलं असो. पुढे सोव्हिएत अमलात अशा प्रार्थनांना बंदी आली, तेव्हा एक अधिकारी तपासाला आला होता. हे काय म्हणून त्याने विचारलं.

"धुणं," एक बाई म्हणाली.

"एवढं? कोणाचं?"

"मोर्ताचं."

त्याने तसं लिहून घेतलं. मोर्ताला जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्या संध्याकाळी नऊ जणांनी बाप्तिस्मा घेतला, आणि त्यांनी नऊ वेगवेगळ्या कुंपणांवरचे टॉवेल ओले केले.

आजही पेंटेकॉस्टला टॉवेल सकाळीच कुंपणावर टाकतात, आणि नदीतून शेवटचा माणूस बाहेर आल्याशिवाय काढत नाहीत.